जबाबदार मानव

कोणतीही गोष्ट बिघडली, की ती कोणी बिघडवली हे शोधून काढणं हे दुरुस्तीचं पहिलं पाऊल असतं, आणि नीट टाकलं तर शेवटचंही. घरं, बँका आणि नाटकमंडळ्या याच तत्त्वावर चालतात. आमचं शहर त्याला अपवाद कसं असेल?

उकाडा वाढतो आहे हे आमच्या शहराने लवकर मान्य केलं. म्हणजे नाकारायला उठायचं आणि पंख्याखालची जागा जायची, असं व्हायला लागलं तेव्हा. त्याच सुमारास थोर शास्त्रज्ञांचा एक जाडजूड अहवाल आमच्या नगर कार्यालयात येऊन पडला. तेल जाळल्यामुळे हवा तापते आहे आणि याला मानव जबाबदार आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. मात्र इतकी पानं खर्ची घालून विद्वानांनी मुख्य मुद्दाच गाळला होता. मानव म्हणजे नेमका कोण? नाव नाही, पत्ता नाही, वयसुद्धा नाही. (असा अर्ज आमच्या पाणीपुरवठा विभागात कोणी दिला असता, तर खिडकीतूनच परत गेला असता.)

विज्ञानाचं हे अर्धवट राहिलेलं काम तडीस नेण्यासाठी 'जबाबदार मानव शोध समिती' नेमण्यात आली. समितीत अकरा सदस्य होते. उकाड्याचा अभ्यास थंड प्रदेशाशी तुलना केल्याशिवाय होत नाही, म्हणून त्यांनी आधी एक डोंगराळ ठिकाण विमानाने पाहिलं, मग दुसरं. परत आल्यावर, इथे उकडतं, असा अंतरिम निष्कर्ष एकमताने नोंदवण्यात आला. त्यानंतर शहरातल्या प्रत्येक प्रौढाला चौदा कलमांचा एक फॉर्म देण्यात आला. त्यातलं नववं कलम असं: 'हवामान तापवण्यात आपला हात आहे काय? होय अथवा नाही. कारण थोडक्यात.' फॉर्म न भरल्यास 'होय' समजण्यात येईल, अशी तळटीप होती. शहरात प्रौढ माणसं चाळीस हजार दोनशे सोळा. फॉर्म परत आले चाळीस हजार दोनशे सोळा. एवढी शिस्त आम्ही मतदानातही कधी दाखवलेली नाही.

हे फॉर्म म्हणजे आमच्या शहराच्या निष्पापपणाचा मोठाच ठेवा आहे. गाडीमालकांनी लिहिलं, गाडी ड्रायव्हर चालवतो. ड्रायव्हरांनी लिहिलं, गाडी मालकाची आहे. छोट्या गाडीवाल्यांनी मोठ्या गाड्यांकडे बोट दाखवलं आणि मोठ्या गाडीवाल्यांनी दाखवून दिलं, की त्यांच्या गाडीत आठ माणसं बसू शकतात (बसत नाहीत, पण शकतात). एका डॉक्टरांनी आपण रोज सकाळी चाळीस मिनिटं सायकल चालवत असल्याचं कळवलं. ही सायकल सात किलोमीटरवरच्या व्यायामशाळेत जमिनीला स्क्रूने पक्की बसवलेली असून तिथवर ते गाडीने जातात. पेट्रोल पंपाच्या मालकांचं उत्तर तर मुळातून वाचण्यासारखं आहे. ते लिहितात, 'मी या शहरातले तेल लवकरात लवकर संपवण्यासाठी दिवसरात्र झटत आहे.' आणि तब्बल अकरा हजार लोकांनी एकच कारण दिलं: बाहेर फार उकडतं, म्हणून गाडी काढावी लागते. हे तर उकाड्याचे बळी. त्यांना दोष कोण देणार? (मी स्वतः काय लिहिलं हा मुद्दा इथे गौण आहे.)

थोडक्यात, 'नाही' म्हणणारे चाळीस हजार दोनशे पंधरा. 'होय' म्हणणारा एक.

हा एक म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावरचे शिंपीकाका. एकतीस वर्षांचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या, पायाने चालवायचं मशीन आणि एक जुनी मोपेड. नवव्या कलमासमोर त्यांनी सुईत दोरा ओवावा तशा बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'होय. आठवड्याला दीड लिटर. शिवलेले कपडे पोचवायला. गुडघे दुखतात.'

काकूंनी त्यांना बजावलं नव्हतं असं नाही.

"अहो, सगळे 'नाही' लिहितायत. तुम्हीच काय मोठे लागून गेलात?"

"गाडी आपली आहे ना? मग धूर काय शेजाऱ्याचा निघतो?"

"शेजाऱ्याकडे तीन गाड्या आहेत. त्याने 'नाही' लिहिलंय."

"त्याचं त्याला माहीत," असं म्हणून काकांनी फॉर्म घडी करून पाकिटात घातला. कापडाची करतात तशी, कडेला कड लावून.

आठ दिवसांत सुनावणीचं बोलावणं आलं. समितीच्या अध्यक्षसाहेबांनी काकांचं उभं राहून स्वागत केलं. मानवजातीचा इतका मोठा प्रश्न आणि त्याचं उत्तर इतकं आटोपशीर, पाच फूट तीन इंच, हे पाहून त्यांना गहिवरून आलं असावं.

"केव्हापासून तापवताय?" त्यांनी मायेने विचारलं.

"चौदा वर्षं झाली साहेब, मोपेड घेतल्याला."

अध्यक्षांनी कागद चाळले. "उकाडा तर त्याच्या कितीतरी आधीपासून वाढतोय."

काकांनी विचार केला. "त्याआधी मेहुण्याच्या स्कूटरवर मागे बसायचो."

"लिहून घ्या," अध्यक्ष कारकुनाला म्हणाले, "साथीदार."

मेहुण्याला बोलावण्यात आलं. त्याने सरळ कानावर हात ठेवले. आपली आणि यांची फक्त तोंडओळख आहे, तीही बहिणीमार्फत, असं त्याने लेखी दिलं. मागे कोण बसतं हे स्कूटर चालवणाऱ्याला दिसत नसतं, हा त्याचा तांत्रिक मुद्दा समितीने ग्राह्य धरला. काकूंनी पुढचे तीन महिने भावाचा फोन उचलला नाही.

मानव सापडल्याची बातमी आली आणि शहराचा जीव भांड्यात पडला. आपण नाही, हे इतके दिवस नुसतं वाटत होतं. आता ते कागदावर आलं. मनावरचं ओझं उतरलेली माणसं लांब लांब फिरायला जाऊ लागली. दुसरी गाडी घ्यावी की नाही म्हणून दोन वर्षं ज्यांचं मन त्यांना खात होतं, त्यांनी ती घेतली. महिन्याभरात पेट्रोलची विक्री तेवीस टक्क्यांनी वाढली. (यापैकी काकांचा वाटा शून्य होता, कारण त्यांची मोपेड पहिल्याच दिवशी जप्त होऊन समितीच्या आवारात उभी होती. हा तपशील अहवालात येता येता राहिला.)

लोक मानव बघायलाही येऊ लागले. सकाळी नऊपासून दुकानासमोर गाड्यांची रांग लागे. आत थंड राहावं म्हणून इंजिनं चालूच असत. काचा चार बोटं खाली येत, एखादा सद्गृहस्थ "पोराबाळांचा तरी विचार करायचात हो," असं म्हणे, आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून काच लगेच वर जाई. काका मान डोलवत आणि काज करत राहत. त्यांनी विचार केला नव्हता असं थोडंच होतं?

समिती हातावर हात ठेवून बसली नव्हती. तिने शहरात बारा ठिकाणी तापमापक लावले होते. अकरा ठिकाणी पारा त्रेचाळीसवर होता. शिंप्याच्या दुकानासमोर मात्र सत्तेचाळीस. दुकानासमोर सरासरी छत्तीस गाड्या तासन्‌तास गुरगुरत उभ्या असतात, ही बाब एका कनिष्ठ सदस्येने दबक्या आवाजात मांडली. तिला त्यानंतर भांडारगृहातल्या खुर्च्या मोजण्याचं काम देण्यात आलं. 'मानवाच्या सान्निध्यात तापमान चार अंशांनी वाढते' हा सिद्धान्त मंजूर झाला. मानवी सहभागाचा इतका थेट पुरावा कोणत्याही शास्त्रज्ञाला आजवर मिळाला नसेल.

मोपेड जप्त होऊनही उकाडा हटेना, याचा समितीला साहजिकच राग आला. चौकशी केली, तर काका आता पायी कपडे पोचवत असल्याचं आढळलं. आणि गुडघ्यांमुळे ते दोनच गल्ल्या जाऊ शकत. बाकीची गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या काढून दुकानावर येत. पूर्वी आठवड्याला दीड लिटरमध्ये होणारं काम आता सव्वाशे लिटरमध्ये होऊ लागलं होतं. हे सगळे सव्वाशे लिटर काकांच्या नावावर धरण्यात आले, कारण कपडे त्यांनीच शिवले होते.

मग अंतिम आदेश आला. जबाबदार मानवाने पंधरा दिवसांत दुकान आणि खोल्या रिकाम्या करून शहराच्या हद्दीबाहेर जावे, जेणेकरून उकाडाही त्याच्यासोबत जाईल. खाली, बारीक टायपात, एक सवलत होती. मानवाचं पद रिक्त ठेवता येत नसल्यामुळे, सोळाव्या दिवशी निघायचं नसेल तर त्याने स्वतःऐवजी एका बदली मानवाचं नाव आणि पत्ता सीलबंद पाकिटात द्यावा. नाव खरं असावं. बदली मानवाला अपील नाही.

ही सवलत शहराला कळायला एक दुपार लागली.

दुसऱ्या दिवसापासून दुकानासमोरच्या गाड्या गायब झाल्या. लोक चालत येऊ लागले. ज्यांनी बारा वर्षं तयार कपड्यांखेरीज काही घातलं नव्हतं, ते कापडाचे तागे काखोटीला मारून आले. पंपाच्या मालकांनी सात पँटी शिवायला टाकल्या. व्यायामशाळेवाले डॉक्टर गुडघे बघायला घरी आले, आणि तेही सायकलने, म्हणजे पुढे जाते त्या सायकलने. मेहुणा आला आणि दाराबाहेरूनच "दाजी" म्हणाला. शेवटी खुद्द अध्यक्षसाहेब कोटाचं माप द्यायला आले.

"घाई नाही हो काका," हात आडवे पसरून ते म्हणाले. "पण पाकिटात काय लिहिणार, ते आपलं सहज विचारतोय."

"छाती बेचाळीस," काका टेपकडे बघत म्हणाले. अध्यक्षांनी श्वास सोडला तेव्हा ती एकोणचाळीस भरली.

चौदाव्या दिवशी काकांनी मापांची वही उघडली. एकतीस वर्षांत अर्धं शहर तिच्यात आलं होतं. हा पोट आत घेऊन माप देणारा. हा खिसे मोठे मागणारा. हिने होणाऱ्या नवऱ्यासाठी लग्नाचा कोट शिवून घेतला आणि लग्न मोडलं, तेव्हा तोच कोट आवळून भावाला दिला. प्रत्येक पानावर काका थांबत, बोट ठेवत आणि पान उलटत.

"एक नाव लिहायचंय," काकू म्हणाल्या. "या शहरात कमी आहेत का?"

"कमी असते तर लिहिलं असतं. याचं लिहायचं तर त्याचं का नाही, ते मला सांग."

काकूंनी खोलीभर नजर फिरवली. कपाट तेवढं जिन्यावरून उतरणार नव्हतं. ते आत ठेवून मग भिंत बांधली होती. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मग माझं लिहा. मी पण मागे बसते. तुम्ही इथे राहा, दुकान चालवा."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी कागद ओढून एकटाकी लिहिलं, पाकीट बंद केलं आणि एवढंच म्हणाले, "खोटं नाही लिहिलेलं."

पाकीट समितीत पोचलं. अध्यक्षांनी दार लावून ते उघडलं. (कागद नियमानुसार योग्य आकाराचा आहे की नाही हे पाहण्यासाठी, दुसरा कुठलाही हेतू नव्हता.) दहा मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. पाकीट पुन्हा डिंकाने बंद होतं आणि त्यावर त्यांच्या सहीने शेरा होता: 'न उघडता वरिष्ठांकडे सादर.' वरिष्ठांनीही दार लावलं. त्यांचाही शेरा तोच. मग त्यांचे वरिष्ठ, मग विधी विभाग, मग तेल विभाग. गेल्या दोन वर्षांत ते पाकीट सव्वीस कार्यालयांत जाऊन आलं. सव्वीस ठिकाणी ते न उघडता पुढे गेलं आणि नुसत्या डिंकाने आज ते बोटभर जाड झालं आहे.

पाकीट अधिकृतपणे उघडल्याशिवाय नाव कळत नाही, आणि नाव कळल्याशिवाय अंतिम आदेश लागू होत नाही. त्यामुळे दुकान चालू आहे. काका पँटी शिवतात, काकू वरून जेवायला हाक मारतात. पारा आता सगळ्याच बारा ठिकाणी सत्तेचाळीसवर आहे. ही समानता आणल्याबद्दल समितीला मुदतवाढ मिळाली.

पाकिटात काय आहे ते मला ठाऊक आहे. मी ते वाचलेलं नाही. जावक कारकुनाने मला वाचून दाखवलं, मी फक्त ऐकलं. ऐकणाऱ्याबद्दल नियमांत काहीही नाही, मी दोनदा तपासून घेतलं आहे. तुमच्या माहितीसाठी तो मजकूर जसाच्या तसा खाली देतो.

'बदली मानवाचे नाव: हे जो वाचेल त्याचं. पत्ता: तो राहतो तिथला.'

सुनावणी सोमवार ते शुक्रवार, अकरा ते चार. गाडी लावायला भरपूर जागा आहे.