सातशे घोडे आणि एक लगाम

एका जंगलात रस्ता नव्हता, पण गाडी होती. हसू नका बाळांनो. तुमच्या गावात याहून वेगळं काय आहे, ते मला ठाऊक आहे.

अगदीच रस्ता नव्हता असं नाही. टेकडीवरून पाणवठ्याकडे जाणारा एक उतार होता. वरून हाक मारली तर खाली ऐकू जाईल, एवढाच. उतार संपतो तिथे एकदम वळण होतं, आणि वळणावरच्या जांभळीखाली साळूबाई साळिंदरीचं गॅरेज होतं. साळूबाई गाड्या दुरुस्त करायची. तिची तीन पिल्लं त्याच जांभळीखाली दिवसभर झोपायची. साळिंदरं दिवसा झोपतात, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. नसेल तर आता शिका.

गाडी होती झुंजारराव बिबट्याची. हा झुंजारराव एकेकाळी तीन उड्यांत हरीण धरायचा. पुढे त्याने गाडी घेतली आणि त्याला पोट सुटलं. मग हरीण दिसलं की तो आधी किल्ली शोधायचा. तोवर हरीण पाणी पिऊन घरी गेलेलं असायचं.

गाडी साधीसुधी नव्हती. मसल कार म्हणतात तसली होती. म्हणजे सदरा काढून आरशासमोर दंड फुगवणारे असतात ना, त्यांच्यातली. शिवाय तिच्या इंजिनावर सुपरचार्जर बसवलेला. घाबरू नका, सोपं आहे. चुलीत फुंकणीने वारा घातला की जाळ भडकतो की नाही? तसा तो इंजिनात वारा कोंबतो. आपण त्याला फुंकणीच म्हणू. या फुंकणीच्या जोरावर गाडीची अश्वशक्ती साडेचारशे झाली होती. साडेचारशे घोडे, आणि पळायला हाकेएवढा उतार.

एवढ्यावर शहाणा बिबट्या गप्प बसला असता. पण शहाणा असता तर त्याने गाडी घेतली असती का? शेजारच्या जंगलातल्या रानडुकराने आपल्या गाडीची अश्वशक्ती सहाशे करून घेतली, अशी बातमी आली आणि झुंजाररावाचं अन्न गोड लागेना. त्यातून त्याचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. नवरीकडची मंडळी पाणवठ्यावर उतरणार होती आणि रानडुकरालाही आमंत्रण गेलं होतं. आता सहाशेच्या डोळ्यांदेखत साडेचारशेत बसून बोहल्यावर जायचं, म्हणजे नाक कापलं जाणार.

तो साळूबाईकडे गेला. बरोबर त्याचा तरस होता. हा तरस काहीच काम करत नसे. झुंजाररावाला तो भाऊ म्हणायचा. भाऊ जे बोलेल त्याला हसायचं, एवढीच त्याची नोकरी.

"मला सातशे पाहिजेत," झुंजारराव म्हणाला.

साळूबाईने पाठीवरचा एक काटा उपसला, इंजिनात घालून तेल पाहिलं आणि काटा पुसून परत खोचला.

"शक्ती वाढवणं अवघड नाही, रावसाहेब," ती म्हणाली. "सुरक्षितपणे वाढवणं, हे काम आहे. आधी इंजिनाची तब्येत बघायची. मग जास्त पेट्रोल पोचवणारा पंप आणि मोठा रेडिएटर. मग ब्रेक, मग टायर. आणि अगदी शेवटी फुंकणीचं चाक लहान करायचं. चाक लहान केलं की फुंकणी जोरात फिरते. तीन महिने लागतील. आणि साडेपाचशेच्या वर मी जाणार नाही."

"लग्न आठ दिवसांवर आहे."

"मग लग्नाला पायी जा."

तरस हसणार होता, पण भाऊ हसला नाही म्हणून थांबला.

"नव्या ब्रेकनं आवाज वाढेल का?" झुंजाररावाने विचारलं.

"नाही."

"बाहेरून लोकांना दिसतील?"

"ब्रेक नाही दिसणार. लग्नानंतर तुम्ही दिसाल."

आता तरस हसला. साळूबाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "रावसाहेब, हसण्यावारी नेऊ नका. तुमचा उतार माझ्या दारात संपतो. माझी पिल्लं इथं झोपतात. बाकी काही करू नका, पण ब्रेक तेवढे घालून घ्या. मी फुकट घालून देते."

"पिल्लांना दुसरीकडे झोपवा," झुंजारराव म्हणाला आणि निघाला. मला त्याच्या या वाक्याचा आजही राग येतो.

वाटेत तरसाचं डोकं चाललं. आयुष्यात एकदाच चाललं, आणि तेही असं.

"भाऊ," तो म्हणाला, "आपल्याला अश्वशक्ती वाढवायची आहे ना? मग साळिंदरीकडे कशाला जायचं? अश्वाकडे जाऊ."

त्या जंगलात एक घोडा होता. पंचकल्याणी. चारही पाय पांढरे आणि कपाळ पांढरं. तरुणपणी गावातल्या वरातींत नवरदेव पाठीवर घेऊन मिरवायचा. पुढे बँड आणि मागे हा, आणि चाल अशी की मागची म्हातारी वैतागून पुढे निघून जाईल. जन्मात तो एकदाही पळाला नव्हता. पण शब्दात अश्व आणि समोर अश्व, आणखी काय पुरावा पाहिजे? साऱ्या जंगलाला पटलं. सगळे त्याला मास्तर म्हणू लागले.

मास्तरांनी बॉनेटला कान लावला.

"आत साडेचारशे आहेत," ते म्हणाले. "पण उपाशी आहेत बिचारे. रोज दोन पायल्या भिजवलेले हरभरे माझ्याकडे पोचवा. मी स्वतः घालीन."

हरभरे पोचले. चार दिवसांत घोड्याची पाठ चकाकायला लागली. गाडीच्या आतले घोडे कसे दिसत होते, ते कोणी पाहिलं नाही.

"आणि ते फुंकणीचं चाक?" तरसाने विचारलं. "साळूबाई म्हणत होती, लहान केलं की जोर येतो."

"तेवढं करून टाका. बाकीचा नुसता घाबरटपणा आहे."

म्हणजे बघा, शेवटचं काम त्यांनी आधी केलं आणि आधीची कामं केलीच नाहीत. तुमच्यापैकी जे गृहपाठाच्या आधी सही घेतात त्यांना हे लगेच कळेल.

चाक बसलं. गाडी सुरू केली आणि आतून आवाज यायला लागला. टकटक, टकटक, टकटक. वारा जास्त आणि पेट्रोल कमी पडलं की इंजिन आतून असे ठोके मारतं. ती त्याची बोंब असते. पण मास्तरांनी डोळे मिटले आणि मान डोलावली.

"टापा," ते म्हणाले. "घोडे जागे झाले. सातशे तरी असतील."

झुंजाररावाच्या डोळ्यांत पाणी आलं. तरसाच्याही आलं, कारण भाऊच्या आलं होतं.

तेवढ्यात आवाज ऐकून साळूबाई धापा टाकत उतार चढून आली. "अहो बंद करा ते," ती म्हणाली. "इंजिन फुटायला आलंय."

मास्तरांनी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बाई, टापा कोणाला कळणार? तुम्हाला की मला?"

याला कोण काय उत्तर देणार? आहे का तुमच्याकडे? ती खाली गेली.

तरी झुंजाररावाच्या मनात पाल चुकचुकली. त्याने हळूच विचारलं, "मास्तर, ब्रेकचं पेडल जरा खोल जातंय. सुरक्षिततेचं काय?"

"घोड्याला ब्रेक लावलेला कधी पाहिलात? घोड्याला लगाम असतो," मास्तर म्हणाले. त्यांनी आपला वरातीतला जुना लगाम काढला, लाल गोंड्यांचा. त्याचं एक टोक बॉनेटला बांधलं आणि दुसरं खिडकीतून झुंजाररावाच्या हातात दिलं. "झाली गाडी सुरक्षित."

मग सगळ्यांनी झुंजाररावाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. बिबट्या झाडावर चढला यात नवल नाही. पण हरभऱ्याचं झाड माझ्या गुडघ्याएवढंसुद्धा नसतं. त्यावर चढलेल्याला वाटतं, आपण आभाळात आहोत.

साळूबाई पुन्हा भांडायला गेली नाही. लग्नापर्यंत ती रोज माती उकरत होती. भुसभुशीत माती आणि वाळका पाला, यांचा वळणावर तिने भलामोठा ढीग घातला. पाण्याला जाणारी जनावरं नाकं मुरडायची. "लग्नाच्या वाटेत माती. बाई अवलक्षणी आहे," म्हणायची. एकानेही हात लावला नाही. लग्नाच्या सकाळी तिने पिल्लं आत बिळात नेऊन निजवली आणि स्वतः दाराशी बसून राहिली.

पाणवठ्यावर मांडव पडला होता. नवरी आली होती, रानडुक्कर आला होता. टेकडीवर झुंजारराव मुंडावळ्या बांधून गाडीत बसला. प्रत्येक वरातीत वऱ्हाडाच्या पुढे असणारा पंचकल्याणी आज गाडीच्या मागे, बराच मागे जाऊन उभा राहिला.

"मास्तर, पुढे या की," तरस म्हणाला.

"सुरक्षित अंतर ठेवावं माणसानं," घोडा म्हणाला.

वरातीमागून घोडं, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. वेळ टळून गेल्यावर केलेलं काम, असा अर्थ तुमच्या शाळेतल्या बाई सांगतात. माझ्या मते एवढाच अर्थ नाही. कधी मागे राहायचं ते घोड्याला बरोबर कळतं.

गाडी सुटली. टकटक वाढली. अर्ध्या उतारावर आत काहीतरी धडाम झालं आणि टकटक थांबली. सातशेच्या सातशे घोडे एकदम गतप्राण झाले. गाडी मात्र थांबली नाही, उतार होता ना. झुंजाररावाने ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला टेकलं. मग त्याला लगाम आठवला. त्याने दोन्ही पंजांनी लगाम खेचला, तसं बॉनेट उघडून काचेवर येऊन आदळलं. आता त्याला बॉनेटखेरीज काही दिसेना. घोड्याला झापडं बांधतात ना, तसं झालं.

गाडी वळणावर आली, वळली नाही, आणि साळूबाईच्या ढिगात दारांपर्यंत रुतून बसली.

उडालेला पाला खाली बसला. मग झुंजारराव खिडकीतून बाहेर आला. एका कानावर मुंडावळ्या, हातात तुटका लगाम. अंगाला ओरखडासुद्धा नव्हता. जांभळीला धक्का लागला नव्हता. साळूबाईने बिळात डोकावून पाहिलं. तिन्ही पिल्लं झोपलेली होती. तिने पिल्लं दोनदा मोजली आणि मग ती रडली.

नवरी पुढे आली. तिने उताराकडे पाहिलं आणि मग नवऱ्या मुलाकडे.

"एवढाच उतार होता?" ती म्हणाली. "मग चालत का नाही आलात?" आणि ती चालत आपल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. सभापती हत्ती होता. त्याने विचारलं, "दोष कोणाचा?"

पंचकल्याणी मास्तर उभे राहिले. "गाडी सातशे घोड्यांनी उत्तम पळत होती. लगाम ओढेपर्यंत कसलीही तक्रार नव्हती. ती थांबली कशानं? मातीनं. माती घातली कोणी?"

हत्तीने विचार केला. गाडी मातीने थांबली, हे तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. झुंजाररावानेही मान हलवली. आपलं लग्न मातीमुळे मोडलं, हे त्याला फार सोयीचं वाटलं.

साळूबाईने ढीग उपसावा आणि जागा सोडावी, असा निकाल झाला.

"उपसते," साळूबाई म्हणाली. "पण पुन्हा घालायला मी नसेन."

तिने एकटीने ढीग उपसला, पिल्लं घेतली आणि ती नदीपलीकडे निघून गेली. जाताना कोणी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. पाणवठ्यावर राहणाऱ्यांनी.

पंचकल्याणी मास्तर आता जंगलाचे सुरक्षा अधिकारी आहेत. प्रत्येक गाडीला लगाम सक्तीचा झाला आहे. रानडुकराला नियम इतका आवडला की त्याने आपल्या गाडीची अश्वशक्ती नऊशे करून घेतली, मास्तरांच्या हातून लगाम बांधून घेतला, आणि परवा सकाळी तो झुंजाररावाच्याच उतारावर गाडी पळवून दाखवणार आहे. मास्तरांना कचेरीसाठी जागा हवी होती. वळणावरची जांभळीखालची जागा नुकतीच रिकामी झाली होती, तीच मिळाली. सावली दाट आहे. समोरून अख्खा उतार दिसतो. मास्तर तिथे बसून हरभरे खात असतात.

तात्पर्य: गाडीची शक्ती खुशाल वाढवावी, आणि ब्रेक ब्रेक करणारीला आधी गावाबाहेर घालवावं. फक्त सुरक्षा अधिकाऱ्याने कचेरी घेताना उताराचं वरचं टोक मागून घ्यावं.