तबकडीच्या मागचं सासर

मिरजेच्या मुकुंदराव तेरदाळकरांकडच्या ग्रामोफोनच्या चित्राच्या तबकडीवरून एक नवरी सासरी निघाली होती आणि ती अजून पोचली नाही, अशी तक्रार तबकडीच्या मागच्या बाजूने आली.

तबकडी जुनी आणि सुरेख. पुढच्या बाजूला काठाशी माहेर, दारात डोळे पुसणारी आई आणि वाटेवर बैलगाडीत नवरी. मागच्या बाजूला मधोमध सासरचं दार, उंबऱ्यावर तांदळाचं माप आणि सासूबाई. मुकुंदरावांनी ती कधी वाजवली नव्हती. खऱ्या संग्राहकाने तबकडी वाजवायची नसते. मऊ फडक्यात गुंडाळायची आणि दुसऱ्या संग्राहकांना दाखवून जळवायचं. रविवारी कोल्हापूरच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस तिलाच, असं सगळे धरून चालले होते.

"मापातल्या तांदळाला किडे झाले हो," सासूबाई म्हणाल्या. "किती वर्षं दारात उभं राहायचं? सून पाठवा."

"सुई लावल्याशिवाय गाडी हलत नाही," मुकुंदराव म्हणाले, "आणि सुई लावली की चरा पडतो."

"पडू दे की," त्यांच्या पत्नी शरयूताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "लोकांची लेक वाटेत अडकवून बक्षीस घेणार? लाज वाटत नाही?"

मुकुंदरावांना लाज वाटली. चऱ्याची भीती जास्त वाटली. शुक्रवारपर्यंत ते धड जेवले नाहीत. मग डोळे मिटून त्यांनी सुई टेकवली.

सासरी निघालेल्या मुलीचं गाणं सुरू झालं. सुईच्या पुढे पुढे गाडी फेरे घेत आत सरकली आणि गाणं संपताना मधल्या भोकापाशी थांबली. मुकुंदरावांनी तबकडी यंत्रावरून उचलली, कारण भोकात खुंटी असताना नवरी जाणार कुठून? पण बैल मावेनात.

"भोक थोडं मोठं करा," सासूबाई म्हणाल्या.

"त्यापेक्षा माझा जीव घ्या."

शेवटी नवरी शालू सावरत पायीच भोकातून पलीकडे उतरली. मागून माप लवंडल्याचा आवाज आला. शरयूताईंनी अक्षता टाकायला मूठ उचलली, ती मुकुंदरावांनी वरच्या वर धरली. तांदळानेही चरे पडतात.

प्रदर्शनात परीक्षकांनी रिकामी गाडी पाहिली. "नवरी कुठाय?"

"पोचली."

परीक्षकांनी तबकडी उलटून खात्री केली. "एका बाजूची नवरी दुसऱ्या बाजूला. फार दुर्मिळ."

बक्षीस ठरल्यातच जमा होतं. इतक्यात सासूबाई बोलल्या, "अहो तेरदाळकर, आज मांडवपरतणी. जोडपं माहेरी पाठवायचंय."

गाडी मधोमध, माहेर काठाशी. म्हणजे तबकडी उलटी फिरवायची, आणि उलट्या सुईने तिची पार वाट लागते.

"बक्षीस संध्याकाळी आहे," परीक्षक कळवळून म्हणाले. "त्यानंतर पाठवा."

"तिन्हीसांजेला?" मुकुंदराव कडाडले. "नव्या नवरीला तिन्हीसांजेला घराबाहेर काढू? तुम्हाला लेकीबाळी आहेत की नाहीत?"

जोडपं भोकातून वर येऊन गाडीत बसताच त्यांनी तबकडी यंत्रावर चढवली, सुई टेकवली आणि बोटाने तबकडी उलटी फिरवायला घेतली. सगळे संग्राहक कानांवर हात ठेवून बाहेर गेले. गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे चाललं. गाडीत नवरीशेजारी जावई अंग चोरून बसले होते. गाडी काठाशी आली, तशी आई डोळ्यांना लावलेला पदर सोडून भाकरतुकडा आणायला आत धावली.