कलावंताने केलेली मोडतोड

एखादा माणूस थोर कलावंत आहे की नुसताच गातो, हे सरकारने सांगितल्याशिवाय जनतेला कळत नाही. म्हणून सन्मान असतात, आणि सन्मानांसाठी समित्या असतात.

१९७६ साली कळमनुरीच्या रस्त्यावरल्या एका गावात अशी शिफारस समिती नेमली गेली. सदस्य तीन. अध्यक्ष किशनराव (गाण्याशी संबंध : लाऊडस्पीकरचे मालक), सटवाजी (संबंध : किशनरावांचा मेहुणा) आणि सिंधूबाई. बाई शाळेत चौथीपर्यंत आणि त्यापुढे वाचनालयात शिकलेल्या. बैठकीची जागा वाचनालय आणि किल्ली बाईंच्या कमरेला, म्हणून त्यांना घेणं भाग होतं.

एकतीस मार्चच्या आत एक नाव वर पाठवायचं होतं. अर्जही एकच होता, सोनाजीचा. तेवीस वर्षं जलसा घेऊन तो गावोगाव भीमाची गाणी गात हिंडला; रेशनकार्डावर मात्र 'शेतमजूर'.

"ताई, मरायच्या आत एका सरकारी कागदावर 'गायक' लिहून यावं, बस," तो म्हणाला होता. अर्ज सिंधूबाईंनीच लिहून दिला, दोनदा, कारण पहिल्यावर त्यांच्याच डोळ्यातलं पाणी गळलं.

थोर कुणाला म्हणावं, हे परिपत्रकात नव्हतं. पण वाचनालयात नुकत्याच आलेल्या पुस्तकांच्या पेटीत विलायतेतल्या एका रॉक गायकाचं आत्मचरित्र निघालं, मराठीत केलेलं, आणि याला त्याच्या सरकारने पदक दिलं असं वरच छापलेलं. नमुना मिळाला. सिंधूबाईंनी चार बैठकांत ते मोठ्याने वाचलं (अध्यक्षांचा चष्मा बैठकीच्या दिवशी घरी राहत असे). त्यावरून निकष ठरले. बायका तीन. अटका पाच. लोकांसमोर फोडलेल्या गिटारी अकरा. हॉटेलच्या चौथ्या मजल्यावरून खाली फेकलेला टेलिव्हिजन एक. (टेलिव्हिजन म्हणजे काय, यात अर्धा तास गेला. चित्रं दिसणारा रेडिओ, असं एकमताने ठरलं.)

"कलावंत म्हणलं की अंगात रग पाहिजे," किशनराव हसून म्हणाले.

या निकषांवर सोनाजी फिका पडला. बायको एक, आणि जन्मभर तीच. अटक निरंक. ढोलकी फोडलेली नाही. पुडी फाटली तर मढवून आणलेली.

सिंधूबाईंनी त्याला बोलावून घेतलं. "सोनाजीकाका, तुमी कधी काई फोडलं का? हॉटेलात, म्हणा. बराबर आठवा."

"फोडली की, कपबशी. त्रेपन्न साली, कळमनुरीच्या बाजारात."

समितीने समाधानाने टाचण घेतलं.

"हॉटेलाच्या भाईर वळचणीला आमच्या लोकायची येगळी कपबशी राहायची. चहा पेऊन आपणच धुवायची, आपणच ठिवायची. त्या दिशी धुतली अन् ठिवली न्हाई. दगडावर घातली. माणसं जमली भोवती. आता काय करावं, म्हून गायला लागलो. पयलं गाणं ते."

वाचनालयात शांतता पसरली (तशी पाटीही लावलेली आहे).

"मुद्दाम फोडली?" सटवाजीने विचारलं.

"व्हय."

अध्यक्ष गंभीर झाले. "जुनं काहून उकरून राहिला, सोनाजी? गावात वातावरण बिघडंल. टाचणातली तेवढी ओळ खोडू, शिफारस आत्ता लिहितो."

सिंधूबाईंनी दौतीचं झाकण घट्ट लावलं.

"खोडा न," सोनाजी म्हणाला. "मंग वरचं 'गायक'बी खोडा, किशनराव. गाणं तिथूनच निघालं हाय." आणि बाईंना जयभीम घालून तो ज्वारीच्या काढणीला गेला.

नाव तर जायलाच हवं होतं. समितीने विलायती गायकाचं पाठवलं. त्याची कागदपत्रं पूर्ण होती : छापील जीवनवृत्त, पानं तीनशे बारा, फोटोंसह. तालुक्यात वास्तव्याची अट होती; पुस्तक तीन महिने वाचनालयात मुक्कामाला असल्याचा दाखला अध्यक्षांनी दिला. सिंधूबाईंचा विरोध इतिवृत्तात 'किरकोळ चर्चा' या सदरात सापडतो.

कुणी समितीला नावं ठेवू नयेत. चौथ्या मजल्यावरून टेलिव्हिजन पडला तेव्हा वाचकालाही गंमत वाटली. कपबशी फुटली तेव्हा मात्र तो जरा सावरून बसला. ठराव बहुमताने मंजूर झालेला आहे, आणि त्या बहुमतात वाचकाचं मत धरलेलं आहे.