पिठातलं पाऊल

मधुकररावांचा तिसरा दिवस उरकतो न उरकतो तोच, त्यांच्या नावाने दिव्यापाशी वाढलेलं ताट मनीने चाटूनपुसून लख्ख केलं आणि तिथेच बसून मिशा साफ केल्या.

"पाह्य व माय! मेलेल्या माणसाच्या तोंडचा घास खाल्ला इनं!" राजेगावहून आलेल्या सत्यभामाबाई, मधुकररावांच्या थोरल्या बहीण, कडाडल्या.

"मुकं जनावर बाई, त्याले काय समजते," मधुकररावांच्या पत्नी सुनंदाबाई पुटपुटल्या.

"माहा भाऊ तिकडे उपाशी, अन् तू मांजरीची बाजू घेऊन राह्यली?"

मुलगा देवेंद्र मलाजखंडच्या खाणीत इंजिनियर होता. डोंगर फोडणाऱ्या माणसाने मांजरीपुढे हात टेकणं बरं दिसत नाही, असं त्याला वाटलं असावं. "तेरवीपर्यंत सुधरली तर ठीक. नाही तर लामत्याच्या जंगलात सोडून येतो इले," त्याने जाहीर केलं.

सुनंदाबाईंनी मनीला पदराखाली ओढून घेतलं. मधुकरराव माणूस वाईट नव्हते. पण कचेरीतून आले की पेपर, जेवण आणि झोप. बायकोच्या बडबडीला त्या घरात कोणी कधी मान वर करून उत्तर दिलं असेल तर ते मनीनेच. नवरा गेल्याचं दुःख नेमकं किती झालं आहे, याचा अंदाज त्यांना अजून येत नव्हता. मनी जाणार या विचाराने मात्र जीव कासावीस झाला.

देवेंद्रने मोबाइलमध्ये उपाय शोधले. मांजरांना संत्र्याच्या सालीचा वास खपत नाही म्हणे. त्याने थैलीभर संत्री आणली आणि ओसरीत सोलायला बसला. भेटायला आलेली माणसं दारातच थबकली. संध्याकाळपर्यंत साऱ्या मोहल्ल्यात झालं, "बाप मेला अन् पोरगा संत्री खाऊन राह्यला." मनी सालींच्या ढिगावरच झोपली.

मग स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला चिकटपट्टी लावली. तिच्यात सत्यभामाबाईंचा पदर अडकला, त्यांनी तो हिसडला आणि सुतकाच्या घरातलं वरण जमिनीवर सांडलं. ते मनीने चाटलं.

शेवटचा उपाय म्हणजे खडे भरलेला डबा. मांजर ओट्यावर चढलं की डबा पडतो आणि ते घाबरतं. शेजारचे प्रेमलालजी मधुकररावांच्या फोटोपुढे डोळे मिटून बसले असताना तो पडला. मनी जागची हलली नाही. प्रेमलालजींना छातीत कळ आली आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

"बस्स झालं! दहावं झालं की लामता," देवेंद्र म्हणाला.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, जिथे मधुकररावांचा जीव गेला तिथे सत्यभामाबाईंनी चाळलेलं पीठ पसरलं, दिवा ठेवला आणि वर टोपली झाकली. सकाळी पिठात जे पाऊल उमटतं, तो गेलेल्याचा पुढला जन्म. मनीला न्हाणीत कोंडून बाहेरून कडी लावली.

सुनंदाबाई सगळ्यांच्या आधी उठल्या. टोपली उचलून पाहिली, तर पीठ कोरं. मग न्हाणीतून मनीला काखेत आणलं, तिचा पंजा पिठात दाबला, पदराने पुसला आणि तिला परत कोंडून कडी लावली. जन्मात एवढं मोठं पाप त्यांनी केलं नव्हतं.

"मांजर!" टोपली उचलताच सत्यभामाबाई मटकन खाली बसल्या. "माह्या मधूले मांजराचा जन्म भेटला व माय!"

"मनी फिरली असन," देवेंद्र म्हणाला.

"न्हाणीची कडी पाह्य जाऊन!"

कडी जशीच्या तशी होती. देवेंद्रचा चेहरा उतरला.

"लेकिन आत्याजी, मनी तो पहले से है न?" सून श्रद्धाने विचारलं.

"तिच्यातच येऊन बसला तो! घर सोडवलं नाही त्याले. आता काढता का बापाले बाहेर?"

सुनंदाबाईंनी मनातल्या मनात देवाची माफी मागितली. मनी वाचली होती. साली गेल्या, पट्टी गेली, डबा गेला. मनी मधुकररावांच्या खुर्चीत बसू लागली. ओट्यावर चढली तरी कोणी हाकलेना.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी देवेंद्रने गाडी काढली. पुढच्या सीटवर घडी करून वडिलांची शाल अंथरली आणि मनीला दोन्ही हातांनी उचललं.

"कुठं नेऊन राह्यला?" सुनंदाबाईंनी घाबरून विचारलं.

"मलाजखंडले. जिंदगीभर बाबाले माह्याकडे राहा म्हणालो, आले नाही. आता सेवा करू दे."

"पापाजी के लिए अलग से दूध बांध लिया है, मम्मी," श्रद्धा म्हणाली.

"पण मी..."

"तू इथंच राह्य," सत्यभामाबाईंनी निकाल दिला. "घर बंद ठेवलं तर वाळवी लागते. अन् बाप लेकाकडेच शोभते."

सुनंदाबाईंनी खरं सांगावं, तर मनी मलाजखंडऐवजी लामत्याला जाणार होती.

"पाया पड, सुनंदा. जाऊन राह्यला तो."

त्या वाकल्या. मनीने ओळखीने त्यांच्या बोटाला नाक लावलं. गाडी वळणापलीकडे गेली आणि सुनंदाबाई फाटकाला धरून हमसून हमसून रडू लागल्या. शेजारपाजारच्या बायका धावल्या.

सत्यभामाबाईंनी त्यांना पोटाशी धरलं. "रड माय, रड," त्या समाधानाने म्हणाल्या. "इतक्या दिसानं नवऱ्यासाठी आज रडली बिचारी."