दांडोबाची सातवी टेकडी

एका जंगलात, बाळांनो, भर उन्हाळ्यात ओढा आटला. वाघानं डरकाळ्या फोडल्या. हत्तीनं सभा घेतली. पाणी काही आलं नाही.

तेव्हा दांडोबा नावाच्या रानडुकरानं आपला कळप घेऊन ओढ्याची वाळू उकरायला घेतली. सुळे झिजले, नाकाडं सोलवटली. चौथ्या दिवशी झरा लागला. सगळं जंगल पाण्यावर आलं आणि वाघासकट सगळ्यांनी दांडोबाला राजा केलं.

आता राजानं का चिखलात तोंड घालायचं? दांडोबानं उकरणं सोडलं आणि टेकड्या जिंकायला सुरुवात केली. एक, दोन, करता करता सहा! प्रत्येक टेकडीवर डुकरं पहाऱ्याला बसली. झऱ्यापाशी उरली म्हातारी डुकरीण मथाई.

ती म्हणाली, "राजा, झऱ्यात गाळ साचलाय. पाणी गढूळ झालंय. चार जण दे उकरायला."

"चार जण सातव्या टेकडीला लागतायत."

"काय आहे रे तिथं?"

"दगड."

"मग कशाला हवी?"

"सहाव्या टेकडीच्या रक्षणाला!"

दरबारातला पोपट म्हणाला, "शिवाय, गढूळ म्हणू नये. दाट म्हणावं."

राजा खूश झाला. पोपट प्रधान झाला. मथाईची नेमणूक सातव्या टेकडीवर झाली.

तिथं ती थोडी रडली. मग पलीकडे उतरली. तिकडं साळिंदरं राहायची. जमीन हुंगून ती म्हणाली, "अरे, इथं ओल आहे!"

"आजी, बिळं उकरतो आम्ही, पण पाण्यापर्यंत उकरायचं कसं?"

मथाईनं शिकवलं. नितळ पाणी लागलं.

बातमी पसरली. आधी हरणं गेली, मग हत्ती, मग पहाऱ्यावरची डुकरं. शेवटी घसा बसलेला पोपटही गेला.

एके दुपारी दांडोबा एकटाच धापा टाकत आला. "हे पाणी कुणाच्या हद्दीत येतं?" त्यानं विचारलं.

"तुमच्या हद्दीत असतं तर उरलं असतं का?" एक साळिंदर म्हणालं.

मथाईला हसू आलं, कीवही आली. "आधी पी रे बाबा," ती सरकून म्हणाली. "आणि उद्या उकरायला ये."

दांडोबा आला. उशिरा आला, पण आला.

तात्पर्य: खरं बोलणाऱ्याला नेहमी सरहद्दीवर धाडावं. राज्य बुडायचं ते बुडतंच, पण बुडताना घरात कटकट होत नाही. शिवाय शेजाऱ्यांचं भलं होतं.