बार काढल्यावरच पुसायची

रायफलीची नळी किती वेळा साफ करावी, हे कर्जत तालुक्यात आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, अशी दहिवलीच्या मालोजी हवालदारांची खात्री होती. आणि ते खरंही होतं! जळलेल्या दारूची राख हवेतली ओल शोषते आणि लोखंड गंजतं. म्हणून बार काढला की नळीत कढत पाणी ओतायचं, गजाला चिंधी गुंडाळून ती कोरडी करायची, मग तेलाचा हात. बार काढला नसेल तर अधूनमधून तेल पुरे. हे झालं शास्त्र. पण पेन्शनीत निघताना साहेबानं बक्षीस दिलेली ती ठासणीची रायफल हवालदार सकाळी पुसायचे, जेवून पुसायचे आणि दिवेलागणीला पुन्हा पुसायचे!

"त्या भोकात डोळा घालून बसता, तसं माज्या तोंडाकडं कवा बघितलंत?" असं म्हणून त्यांची बायको इंदूबाई भाऊबीजेला चौक गावी माहेरी गेली, ती तिकडेच राहिली. मग गाडीवान अब्दुलबरोबर तिचा निरोप आला : "बार काढल्याबिगर बंदुकीला फडकं लावनार नाय, अशी भैरीदेवाची आन घ्या. मंग पुनवंनंतर भाऊ आनून सोडंल."

हवालदारांनी आण घेतली.

आणि घर खायला उठलं. चूल पेटवली तर सगळा धूर डोळ्यांत. भाकरी थापली तर तिचा मुलुखाचा नकाशा! दांडीवर इंदूबाईचं जुनं लुगडं राहिलं होतं, त्याची घडी घालायचाही धीर होईना. पूर्वी जीव असा कासावीस झाला की हात नळीकडे जायचे. आता हातांना काही कामच नव्हतं. शेवटी त्यांना युक्ती सुचली. बार काढल्यावरच पुसायची ना? मग काढू की बार!

परसात जाऊन त्यांनी आभाळात बार काढला. धडाड्! मग मन भरेपर्यंत नळी पुसली.

शेजारची म्हातारी अंबाबाई धापा टाकत आली. "काय दिसलं रं मालोजी?"

पलटणीत लढलेला गडी बायकोच्या आठवणीनं बार काढतो, हे सांगायचं कसं?

"कायतरी पिवळं हाललं, काकू."

"अगं बया, वाघ!"

वास्तविक कापणीच्या दिवसांत दहिवलीत पेंढ्यापासून सगळंच पिवळं असतं. पण ऐकतं कोण!

दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवण आली, पुन्हा बार निघाला. "फिरून आला गं वाघ!" गावानं गुरं गोठ्यात कोंडली. अब्दुलच्या गाडीतून ही बातमी चौकला पोहोचेपर्यंत या वाघाला वाघीण मिळाली आणि दोन बछडेही झाले!

पुनव झाली. हवालदार अंगण सारवून वेशीवर जाऊन उभे राहिले. आला तो एकटा अब्दुल.

"हवालदार, तुमचा मेव्हणा म्हनतो, वाघाचा बंदोबस्त होईपावेतो भैनीला धाडनार नाय."

हवालदारांना पेच पडला. वाघ मारावा तर वाघच नाही; वाघ नाही म्हणावं, तर रोजचे बार कशाचे?

रायफल खांद्यावर टाकून त्यांनी चौक गाठलं. इंदूबाई दारातच होती. तिनं त्यांचा हात धरून नाकाशी नेला. दारूचा आणि तेलाचा वास!

"रोज बार काढलात?"

"रोज."

"आन मोडली नाय?"

"नाय. पन तुज्याबिगर घरात करमंना गं."

"येडं हाय माजं मानूस!" तिनं पदरानं डोळे पुसले आणि हसू दाबलं. "चला. येते मी."

तेवढ्यात मेव्हणा भिवाजी बाहेर आला. "दाजी, वाघाच्या तोंडी तुमाला एकटं कसं धाडू? आमी बी येतो!"

हवालदार खरं बोलणार, तोच इंदूबाई कोपरानं ढोसून कुजबुजली. "गप ऱ्हावा! माहेरात माजं हसं करता व्हय?"

भाले, कोयते, ढोल आणि दोन जुनाट बंदुका घेऊन अख्खी आळी दहिवलीला आली आणि हवालदारांच्या ओटीवर उतरली. दिवसभर शिकारी रान उठवीत, सांजेला भाकऱ्यांवर तुटून पडत. इंदूबाई चुलीपुढून उठेना. भिंतीपलीकडून तिच्या बांगड्या वाजत. हवालदार ओटीवर बसून ऐकत. एवढ्या दिवसांनी घरी आलेल्या बायकोशी त्यांना अजून एक शब्द बोलता आला नव्हता!

"दाजी, आमच्या बंदुका बी पुसा की! तुमाला हौस हाय म्हनं!"

जन्मात प्रथमच हवालदारांचा हात फडक्याकडे गेला नाही.

"भिवाजी," ते केविलवाण्या आवाजात म्हणाले, "तुमी परत कवा जानार?"

"वाघ गावला की लगीच, दाजी! त्याबिगर हालतो व्हय आमी?"