हा माझा नंबर नाही

राजेश साळसकरला सासरच्या धोंड्याच्या जेवणाचं आमंत्रण आलं, तेव्हा तो भोईवाड्यातल्या आपल्या खोलीत पंख्याखाली आडवा पडून मोबाईलवर नोकरीच्या जाहिराती बघत होता. त्याचं परळचं कुरियरचं ऑफिस भिवंडीला हललं होतं आणि जाताना राजेशला बरोबर न्यायला विसरलं होतं. सासरे बाबुराव घाडी यांचं लालबागला मसाल्याचं दुकान आणि मागे मिरची कांडायचे डंक. बाबुरावांचे गुडघे यंदा बोलायला लागले होते. मुलगा नाही, दोन मुली. थोरल्या आकांक्षाचा नवरा अभय दादरला बँकेत अधिकारी. पण मिरचीचं पोतं नुसतं उघडलं तरी त्याला शिंका सुरू व्हायच्या, त्या माहीमपर्यंत ऐकू जायच्या. म्हणजे गल्ल्यावर बसायला उरला तो राजेशच.

अडचण एवढीच, की बाबुरावांचा राजेशवर काडीचा विश्वास नव्हता. गेल्या हंगामात त्याला तासभर दुकानावर बसवलं, तर त्याने कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या लक्ष्मीबाईंचा जाळ मसाला गिरगावच्या जोशीकाकूंच्या हातात दिला. जोशीकाकूंनी तो आमटीत घातला. जोशीकाका पुढे दोन दिवस थंड दुधावर होते.

"बाबा रविवारी जेवणावर सगळ्यांसमोर सांगणारेत, दुकान कोणी बघायचं ते," नम्रताने नवऱ्याला बजावलं. "नाहीतर बाहेरचा मॅनेजर ठेवणार. रविवारपर्यंत तुम्ही फक्त एक करा. काही करू नका."

आता अशा माणसाला काही न करणं जमत असतं तर गोष्ट इथेच संपली असती.

दुसऱ्याच दिवशी राजेश दुकानावर गेला. मे महिना म्हणजे मसाल्याचा हंगाम. बायका मिरच्या निवडून, भाजून आणत होत्या, पिशवीला नावाची आणि मोबाईल नंबरची चिठ्ठी लावून जात होत्या, आणि कांडून झालं की दुकानातून त्यांना फोन जात होता. त्या गर्दीत कुणीतरी बातमी आणली, की शेजारच्या गल्लीतल्या एका गरीब माणसाच्या दारात पोलीस आले. त्याच्या नावावर कुणी भलत्यानेच सिमकार्डं घेऊन लोकांना लुटलं म्हणून. बाबुरावांच्या हातातलं धण्याचं माप तसंच राहिलं.

"म्हंजे माझ्या नावावर कोणी सिम घेतल्यान तर माका कळूचाच नाय?" त्यांनी विचारलं.

राजेशला वाटलं, देव देतो ती संधी हीच. "मामा, टेन्शनच घेऊ नका," तो पुढे झाला. सासऱ्यांना तो मामा म्हणायचा. "सरकारची वेबसाइट आहे. आपला नंबर टाकायचा, ओटीपी येतो, की आपल्या नावावर किती सिम आहेत ती सगळी समोर. आधी मी माझं चेक करतो, मग तुमचं करून देतो. आणि सगळ्यांना सांगून ठेवा, अनोळखी मेसेज आला की उघडायचा नाही. सरळ डिलीट. 'तुमचा नंबर बंद होणार' वगैरे घाबरवतात साले."

बाबुरावांनी जावयाकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "बरा झाला सांगितलात, राजेशराव," ते म्हणाले. राव हा शब्द त्यांनी लग्नानंतर वापरलाच नव्हता. राजेश तरंगतच भोईवाड्याला पोचला.

संध्याकाळी त्याने वेबसाइट उघडली. स्वतःचा नंबर टाकला, ओटीपी टाकला, आणि तो उठून बसला. समोर आठ नंबर होते. त्यातला एक त्याचा. बाकीच्यांचे मधले आकडे फुल्या मारून झाकलेले, पण शेवटचे दिसत होते, आणि त्यातला एकही त्याने जन्मात पाहिलेला नव्हता.

"नम्रता! अगं माझ्या नावावर सात चोर बसलेत!"

"चोरांना उठवा आणि आधी नारळ फोडून द्या," आतून उत्तर आलं.

"अगं पोलीस येतील! यातल्या एकाने जरी कुणाला फोन करून पैसे उकळले ना, तर आत मी जाईन!"

"मग टाका उडवून मेल्यांना! मला का विचारता?"

प्रत्येक नंबरासमोर 'हा माझा नंबर नाही' असं लिहिलेलं होतं. राजेशने एकेका चोराचं नाव घेतल्यासारखं ते बटण दाबलं. सातवा उडवल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याने नारळ फोडलाच, वर खवूनही दिला.

पुढचे दोन दिवस चाळीत दुसरा विषय नव्हता. "सात जणांची टोळी होती. एका बैठकीत साफ केली," असं तो नळावर सांगायचा. तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला.

राधाबाई घाबरल्या होत्या. "राजेश, माझ्या मोबाईलवर मेसेज इलो. तुमच्या नंबराविरुद्ध तक्रार आलीहा, कागद घेऊन या, नायतर बंद करू, असा कायतरी. ह्यांकाय इलो. दुकानाच्या फोनवरय इलो."

"मामी, हाच तो! मी काय सांगितलं होतं?" राजेश आनंदाने ओरडला. "डिलीट करा. सगळ्यांना सांगा, डिलीट!"

"नम्रताक आणि आकांक्षाक पण इलोहा म्हणे. अभयरावांकाय."

"टोळी चिडलीय मामी. माझ्यावर डूख धरून सगळ्या घराच्या मागे लागलेत."

सासरची सगळी माणसं मेसेज डिलीट करून निर्धास्त झाली. अभयलासुद्धा, स्वतः बँकेत असून, हे पटलं; कारण लोकांना असेच सल्ले देऊन देऊन त्याची जीभ झिजली होती.

शनिवारी सकाळी सगळे फोन मेले.

बाबुरावांचा गेला, राधाबाईंचा गेला, दुकानाचा गेला, मागच्या डंकावरचा गेला. नम्रताचा गेला. आकांक्षाचा गेला. अभयचा गेला, आणि त्याच्याबरोबर त्याला येणारे ओटीपीही गेले. त्यामुळे बँकेच्या अधिकाऱ्याला स्वतःच्याच खात्याचं दार उघडेना. दुकानात तर हाहाकार. कांडून झालेले मसाले गरमागरम थप्पीला लागलेले, आणि बायकांना बोलवायचं कशाने? ज्या फोन करत होत्या त्यांना नंबर बंद लागत होता. शंका आलेल्या तेवढ्या धावत आल्या. "दुकान गुंडाळून पळालात की काय म्हटलं, मिरच्या घेऊन!" एकीने बाबुरावांना तोंडावर सुनावलं. बाबुराव कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. हा हंगाम बुडाला की वर्ष बुडालं.

आणि अशा वेळी गर्दीतून वाट काढत राजेश आला. खिशात जिवंत फोन असलेला घरातला एकमेव माणूस.

"मामा, बसून राहा. मी बघतो," तो म्हणाला, आणि खरोखरच त्याने बघितलं. दाराबाहेर खडूने स्वतःचा नंबर लिहिला. एकेका पिशवीची चिठ्ठी बघून फोन लावत सुटला. "सावंतवहिनी, घेऊन जा, झालाय. पाटीलबाई, तुमचा दुपारी. लक्ष्मीबाई, नाही नाही, या खेपेला दोनदा वास घेऊन बघितलाय, तुमचाच!" जोशीकाकू आल्या तेव्हा त्याने पिशवी उघडून त्यांना चिमूट जिभेवर ठेवायला लावली. दुपारपर्यंत थप्पी खाली आली. बाबुराव खुर्चीतून बघत होते.

"सगळ्यांचे गेले आणि तुमचोच कसो रवलो?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

"मी सावध असतो, मामा," राजेश म्हणाला. हे वाक्य त्याला पुढे फार दिवस आठवणार होतं.

गर्दी ओसरल्यावर सगळं कुटुंब मोबाईल कंपनीच्या दादरच्या गॅलरीत गेलं. बाबुराव, राधाबाई, दोन मुली, अभय, आणि सगळ्यांच्या पुढे कागदपत्रांची फाईल धरून राजेश. काउंटरवर मानसी नावाची मुलगी होती. बाबुरावांचं आधार कार्ड घेऊन तिने कॉम्प्युटरमध्ये डोकावलं.

"काका, हे सगळे नंबर तुमच्याच नावावर आहेत ना?"

"होय तर. आमचो घरचो पसारो. दोन दुकानाचे, दोन आमचे, दोन चेडवांचे, नि धोंड्याच्या वाणात जावयांका एकेक मोबाईल दिलेलंय, त्येंचे. कोकणात आमच्याकडे ह्या वाणाचा तेवढा प्रस्थ नाय, पण आमच्या हिने लालबागेत ऱ्हावन उचलल्यान. फोन दिलो तसो सिमय घालून दिलंय."

अभयने चष्मा काढला. "म्हणजे माझा नंबर तुमच्या नावावर आहे, बाबा? इतकी वर्षं?"

"मग काय देवाच्या नावावर घेतलंय असतंय?"

राजेशने खिशातला फोन चाचपला. वाणात मिळालेला हँडसेट कधीच बिघडून भंगारात गेला होता. नंबर मात्र तोच होता. वेबसाइटवर नंबर टाकला की तो ज्याच्या नावावर, त्याची सगळी सिमं दिसतात, एवढं त्याला आत्ता, या क्षणी कळलं. त्याने हळूच फाईल खाली ठेवली आणि पाणी कुठे मिळेल म्हणून दाराकडे बघितलं.

"पण काका, तक्रार तुमच्याकडूनच आलीय," मानसी म्हणाली. "तुमच्याच एका नंबरवरून लॉगिन करून कुणीतरी बाकीचे सात माझे नाहीत म्हणून कळवलंय. मग व्हेरिफिकेशनचे मेसेज गेले, त्यांना कुणीच उत्तर दिलं नाही."

"आम्ही डिलीट केले," अभय म्हणाला.

"का?"

 सगळ्यांचे डोळे आपोआप एका बाजूला वळायला लागले होते.

"कोण तो हलकट? नंबर सांगा," बाबुराव कडाडले.

"थांबा, चालूच आहे तो. लावूनच बघते." मानसीने टेबलावरचा फोन उचलून आकडे दाबले.  मग राजेशच्या खिशात ढोल-ताशा वाजायला लागला. गेल्या गणपतीत त्याने ती रिंगटोन फार हौसेने घातली होती. तो खिसा दाबून धरत होता, तसतसा ताशा जास्तच तडतडत होता.

"अहो," नम्रता अगदी हळू म्हणाली, "त्या सातात माझा नंबर होता?"

"नम्रता, मधले आकडे झाकलेले होते गं…"

"शेवटचे दिसत होते ना?" आणि मग घरच्यांसमोर कधी नव्हे ते तिने एकेरीवर उडी घेतली. "माझ्या नंबराचे शेवटचे आकडे तुला ओळखता आले नाहीत? दिवसातून दहादा फोन करतोस ना मला!"

"मी नाव दाबतो गं! आकडे कोण बघतं?"

"चोर म्हणालास मला! आणि मी वर म्हटलं, उडव मेल्यांना!"

राधाबाईंनी तोंडाला पदर लावला. रडायला की हसायला ते नीट कळलं नाही. अभयने मात्र आयुष्यात पहिल्यांदा मिरचीशिवाय शिंक दिली. मानसी खूप वेळ कॉम्प्युटरमध्ये बघत राहिली. तिचे खांदे हलत होते.

"काका, सात नंबर परत चालू करते, थोडा वेळ लागेल," ती शेवटी सावरून म्हणाली. "हा आठवा राहिला. नाव तुमचं आहे, म्हणून तुम्हालाच विचारायला हवं. याची तुम्हाला गरज आहे की नाही? नसेल तर आत्ताच बंद करून टाकते."

 बाबुराव राजेशकडे बघत राहिले आणि राजेश जमिनीकडे. दुकान गेलं, उद्याचं जेवण गेलं, मिळालेलं राव गेलं, आता निदान फोन तरी राहू दे, एवढंच तो मनात म्हणत होता. त्याला खरंच रडू येत होतं.

तेवढ्यात ताशा पुन्हा वाजला. राजेशने दचकून मानसीकडे बघितलं. तिचा फोन तर खालीच होता.

"घ्या," बाबुराव म्हणाले.

राजेशने घेतला. "हॅलो… हो काकू, घाडी मसाल्यातूनच बोलतोय. नाही हो, कुणी पळालं नाही! तुमची मिरची भाजायला जरा कमी पडली होती, म्हणून थांबवलीय. अशीच कांडली तर जून उतरेपर्यंत बुरशी धरेल. उद्या तव्यावर परत फिरवू, मग डंकाला लावतो… नाही, मी स्वतः उभा राहतो… हो, हाच नंबर." फोन ठेवला नाही तोच दुसरा आला, मग तिसरा. एकीला त्याने दगडफूल कमी आहे ते सांगितलं, दुसरीला डबा आणायची आठवण केली.

बाबुराव लक्ष देऊन ऐकत होते. भाजणी कमी पडलेली त्यांच्या स्वतःच्या ध्यानात आली नव्हती. दिवसभरात अर्ध्या लालबागेकडे हाच एक नंबर पोचला होता, हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून एक लांब श्वास सोडला.

"गरज आसा," ते मानसीला म्हणाले. "उद्यापासून गल्ल्यावर बसतले ते."

राजेशला वर बघायला जरा वेळ लागला. "मामा, मी… मी सोमवारीच हा नंबर माझ्या नावावर करून घेतो. परत असा घोळ नको."

"नको, नको," बाबुराव काठी टेकत उठले. "माझ्याच नावावर ऱ्हवांदे. परत कायतरी केल्यानी, तर माका एका बटणाचा काम."